कुसळाची ओळ

घासूबाई हे नाव तिच्या तोंडावर घ्यायची कुणाची छाती नव्हती. पण गावात तिचं खरं नाव विचारलं असतं तर लोकांनी एकमेकांकडे पाहिलं असतं. भांडं दिसलं की घासायचं, ही तिची खोड. पाहुण्याने पाणी पिऊन पेला खाली टेकवायचा अवकाश, तो राखेत गेलेला असे. एकदा शेजारणीने तेल उसनं मागायला वाटी पाठवली होती. तेल काही मिळालं नाही, पण वाटी अशी लख्ख होऊन परत आली की शेजारणीला ती आपली वाटेना. दोन मुलगे, दोन सुना, धाकट्याची एक मुलगी आणि म्हातारीची भांडी घासायची राख, असं ते घर होतं. थोरली सून सध्या बाळंतपणाला माहेरी गेली होती.

घरात धुसफूस होती ती विहिरीजवळच्या तुकड्यावरून. सगळ्या जमिनीत तेवढीच माती ओल धरणारी. बाकीचं रान म्हणजे मुरूम. थोरल्याला तिथे जनावरांसाठी मका करायचा होता. आणि तिथे तीन हंगाम उभा होता तो धाकट्या सुनेचा गहू.

धाकटी लग्नाआधीपासून गहू संशोधन केंद्रात रोजाने जायची. तिथे ती ओंबीतलं एकेक फूल चिमट्याने उघडे, आतले परागकोश हलक्या हाताने काढून टाके, ओंबीवर कागदी पिशवी चढवे, आणि फूल तयार झालं की दुसऱ्या जातीचा पराग त्यावर झटके. घासूबाई तिला सोयरिकी जुळवणारी म्हणायची. या सोयरिकींमागचा हेतू असा, की जुन्या तांबड्या गव्हाच्या दाण्यात लोह आणि जस्त भरपूर असतं पण तो पिकतो मूठभर, आणि नवा गहू पोत्याने पिकतो पण त्याच्या दाण्यात दम नसतो. तर दोघांचे गुण एका पोटी यावेत. केंद्रातल्या बाईंनी अशा निवडक ओळी, म्हणजे एकेका सोयरिकीची वेगळी संतती, खऱ्याखुऱ्या शेतात पेरून पाहायला दिल्या, तेव्हा धाकटीने त्या हट्टाने घरी आणल्या.

"गव्हात लोखंड आणि जस्त?" घासूबाई तेव्हा म्हणाली होती. "मग पेरायचं कशाला एवढं? बादलीच चाटायची की."

सगळे हसले होते. धाकटी हसली नव्हती, कारण तिची मुलगी भिंत चाटायची. पोरगी आता पाच वर्षांची, पण दिसायची तीनची. ओल्या मातीचा वास आला की तिला राहवत नसे. कोपऱ्यात जाऊन जीभ लावायची आणि आजीचा धपाटा खायची. गुडघा खरचटला तर महिना महिना भरून येत नसे. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि सांगितलं, रक्तात लोह नाही, जस्तही कमी असणार. औषधाची बाटली होती तोवर बरं होतं. बाटली संपली की पुन्हा भिंत.

थोरला वाईट माणूस नव्हता. हिशेबी होता. त्याने सरळ सांगितलं होतं, "तीन हंगाम तुकडा घ्या. केंद्राने यातली एखादी ओळ पुढे नेली, बियाण्याला धरली, तर तुकडा कायमचा गव्हाचा. नाही धरली तर मका. मग रडायचं नाही." हे तो आईकडे बघत म्हणाला. भावजयीशी तो सरळ बोलत नसे. तिला सांगायचं ते आईला सांगे, आणि आई नसेल तेव्हा म्हशीला.

घासूबाईने मान डोलावली होती ती थोरल्याच्या बाजूने. मका दिसतो, म्हशीच्या पोटात जातो, दूध होऊन चरवीत पडतो. गव्हातलं जस्त कुणी पाहिलंय?

तिसऱ्या हंगामाला वारं लवकर तापलं. गहू दुधात असतानाच दुपारी झळा लागायला लागल्या, आणि कापणीला आला तेव्हा सकाळी कोवळ्या उन्हातच सुरुवात करावी लागे. धाकटा ट्रॅक्टरवर दुसऱ्यांच्या कापण्या करत हिंडत होता, म्हणून विळे धरले सासू-सुनेने. ओळी आखूड होत्या आणि प्रत्येक ओळीच्या तोंडाशी आकड्याची पाटी रोवलेली. एका ओळीची ओंबी दुसरीत गेली की तीन वर्षं मातीत. त्यामुळे एक ओळ कापायची, पेंढी बांधायची, विळा झटकायचा, मग दुसरी. घासूबाईची कंबर धरली होती, पण कण्हणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती त्याऐवजी बोलायची.

"मेल्या पाखरांनी ठेवलंय काय यात? ही ओळ बघ. नुसता भुसा."

"ती बिनकुसळाची आहे ना आई. पाखरांना आयतं ताट."

"आणि ही?"

"तिच्या वाटेला नाही जात पाखरं."

ही म्हणजे विहिरीच्या कडेची ओळ. ओंब्या आखूड, तांबूस, आणि कुसळं अशी ताठ की मूठ भरली की तळहातात रुतून बसत. धाकटीने तिची पेंढी तांबड्या दोऱ्याने बांधली. तिचा जीव या ओळीवर होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. घासूबाईने कुसळांनी ओरबाडलेलं मनगट चाटलं आणि जिभेवरचा टोमणा गिळला.

कारण या ओळीचं नाव तिला माहीत होतं. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून धाकटीने ओळींना नावं ठेवली होती. ताठ मिशांच्या ओंब्यांची ती फौजदार, मान खाली घालून उभी राहणारी ती लाजरी. ही नावं घरात सगळ्यांना ठाऊक होती. पण पहिल्याच वर्षी घासूबाई कडब्याच्या गंजीमागे उभी असताना धाकटी नवऱ्याला म्हणाली होती, "आणि ही सासूबाई. हात लावायची सोय नाही, टोचलीच म्हणून समजा." त्यावर आपला सख्खा मुलगा कसा खिदळला, तेही तिने ऐकलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन तिने पितळेचं पातेलं इतकं घासलं की त्याचा तळ जायची वेळ आली. पण ऐकलेलं तिने पोटात ठेवलं. बोलून दाखवलं असतं तर ऐकलं हे कबूल करावं लागलं असतं, आणि ऐकत उभी होते हेही.

पेंढ्या माजघराच्या आढ्याला टांगल्या. केंद्राला प्रत्येक ओळीचा थोडा दाणा तपासायला पाठवायचा होता. धाकटीने प्रत्येक पेंढीतल्या काही ओंब्या काढल्या, बांगड्या उतरवल्या, हात धुऊन कोरडे केले आणि प्लॅस्टिकच्या परातीत तळहातांनी ओंब्या मळल्या. चाळणी नको, सूप नको, तोंडाने फुंकर मारायची. मग दाणे कापडी पिशवीत, आणि पिशवीला पेंढीच्याच रंगाचा दोरा. पिशव्या खुंटीला अडकवून ती म्हणाली, "आई, याला कुणी हात लावायचा नाही हं. उद्या मॅडमची गाडी येईल."

"मी कशाला लावू हात?" घासूबाई म्हणाली, आणि त्या वेळी तिच्या मनात खरंच काही नव्हतं.

दुपारी धाकटी मुलीचा गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली. घर रिकामं. घासूबाईने सगळं घासून झालं, ओटा पुसून झाला, आणि मग नजर खुंटीवर गेली. तांबड्या दोऱ्याची पिशवी तिने सोडून पाहिली. फक्त पाहिली. दाणा टपोरा होता, पण मातकट. धूळ, बारीक भुसा, एकदोन ढेकळं. शहरातल्या त्या पांढऱ्या खोलीत, पांढऱ्या अंगरख्याच्या माणसांपुढे हे असं उघडणार, आणि म्हणणार, ही सासूबाई! बाकीच्या पिशव्या कशा का जाईनात. फौजदाराने मळकं जावं, लाजरीने जावं. पण आपल्या नावाचा गहू मळका जाणार म्हटल्यावर ती पिशवी घेऊन उठली.

अंगणात नवा जस्ती टब होता, थोरल्याने नातीच्या अंघोळीसाठी आणलेला. सकाळीच तिने तो लिंबाच्या सालींनी घासला होता, आरसा झक मारेल असा. तिने त्यात पाणी ओतलं, दाणे सोडले, आणि एक अख्खं लिंबू पिळलं. लिंबाशिवाय चकाकी येत नाही हे तिचं जन्माचं ज्ञान. दाणे चांगले चोळले. मग म्हशीने दावं तोडलं म्हणून तिकडे धावली, आणि परत येईपर्यंत ऊन उतरायला लागलं होतं. दाणे तोवर टबात भिजत पडले होते. तिने ते उपसले, स्वच्छ फडक्यावर चुलीच्या उबेला पसरले, पार कोरडे झाल्यावर पिशवीत भरले आणि धाकटी यायच्या आत दोरा जसाच्या तसा बांधला. पिशवी खुंटीला लावताना तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. सुनेला सांगायची गरज नव्हती. चांगलं काम सांगून करतात का?

केंद्रातून तपासणीचे आकडे आले तेव्हा धाकटी फोन कानाला लावून उभीच राहिली. विहिरीच्या कडेच्या ओळीत जस्त बाकीच्यांच्या दुप्पट निघालं होतं. धाकट्याने मुलीला खांद्यावर घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारल्या. थोरला म्हशीला म्हणाला, "चला, मका गेला." आणि घासूबाई मनात म्हणाली, बघा, धुतलेल्या दाण्याची गोष्टच वेगळी.

"मॅडम स्वतः येतायत," धाकटी म्हणाली. तिचा आवाज आनंदाचा होता, पण कपाळाला बारीक आठी होती. "म्हणाल्या, येऊन बोलते."

बाई आल्या त्या सकाळी, केंद्राच्या जीपमधून. उंच, सावळ्या, पायात चिखलाचे बूट. त्यांनी पाणी घेतलं, मुलीच्या गालाला हात लावला आणि मग माजघरात बसून धाकटीला विचारायला लागल्या. कापलं कसं? मळलं कशात? ठेवलं कुठे? धाकटी एकेक सांगत होती. तिने सगळं त्यांनीच शिकवल्याप्रमाणे केलं होतं, तर सांगायला काय हरकत? पण बाई ऐकून मान हलवत होत्या आणि आवाज उतरत चालला होता तो धाकटीचा.

"हे बघ," बाई शेवटी म्हणाल्या, "लोह वाढलेलं नाही, आणि जस्त मात्र दुप्पट. गव्हात हे दोन्ही साधारण जोडीने चालतात. असं एकटं जस्त उडी मारत नाही. बाहेरून लागलंय."

"बाहेरून म्हणजे?"

बाई उठून गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत गेल्या. थोरला मागोमाग. तिथे त्याने मक्यासाठी आणलेल्या खतांत जस्ताच्या भुकटीचं एक पोतं होतं, आणि त्याचं तोंड उघडं होतं.

थोरल्याने पोत्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर चहाचे कप विसळत बसलेल्या आईकडे. "आई, हे पोतं मी शिवून ठेवलं होतं," तो म्हणाला. "तरी म्हटलं, याचं तोंड कुणी सोडलं. तुकडा राखायला माणूस काय काय करेल, सांगता येत नाही."

धाकटीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "मॅडम, मी या खोलीत पाऊल टाकत नाही."

"मी तसं म्हणत नाहीये," बाई म्हणाल्या. त्या खरंच तसं म्हणत नव्हत्या, आणि तेच जास्त लागत होतं. "पण कारण सापडलं नाही तर ही ओळ मला काढून टाकावी लागेल. आणि या घरातला नमुना पुढे कुणी घेणार नाही. मलाही घेता येणार नाही. जरा शेत बघून येते, विहिरीचं पाणी घेते, मातीही घेते. मातीतून आलं असेल तर कळेल."

"जस्त लागतं तरी कशाकशातून?" हे विचारलं घासूबाईने. कप विसळायचं तिने थांबवलं नव्हतं.

"खतातून लागतं, आजी. रबरातून लागतं. जस्ती पत्र्याची बादली, पिंप, टब, त्यातून तर हमखास. त्यात काही आंबट पडलं तर विचारूच नका."

बाई शेताकडे गेल्या. धाकटी त्यांच्यामागून मातीसाठी रिकाम्या पिशव्या घेऊन गेली. अंगणात नात टबात बसून पाणी उडवत होती आणि टब उन्हात चमकत होता. घासूबाईच्या हातातला कप निसटला. फुटला नाही, स्टीलचा होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती ओट्याशी टेकली. कुणाला काही माहीत नव्हतं, आणि तिने सांगितलं नाही तर कळायचंही नव्हतं. थोरला मका पेरेल, म्हशी दूध देतील, सुंठीवाचून खोकला जाईल. धाकटी रडेल चार दिवस. आणि हा तुकडा थोरल्याला मिळावा असं आपल्यालाच वाटत होतं की नाही? होतं. मग आता अडलंय कुठे?

थोरला आत येऊन बसला. त्याने पोटभर जेवण केलं. "आई, मी उद्या नांगर घालतो तिकडे," तो हात धुता धुता म्हणाला. "घरातच चोर निघाल्यावर काय बोलणार."

घासूबाईने त्याचं ताट उचललं, राख घेतली, आणि घासायला बसली. पण हात चालेना. चोर हा शब्द तिच्या डोक्यात घुमत राहिला. तिची सून टोचरी नावं ठेवणारी होती, तोंडाळ होती, भांडी नीट घासत नसे, पण मेली कधी कुणाची काडी उचलली नव्हती तिने. तीन वर्षं पोरीच्या तोंडाकडे बघत उन्हात राबली होती ती. घासूबाईने ताट तसंच खरकटं टाकलं. त्या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं. तिने नातीला टबातून उचलून बाहेर उभं केलं, पाणी ओतून दिलं, टब उपडा करून डोक्यावर घेतला आणि चालायला लागली.

दुपारचं ऊन. झळा अशा की डोळे बारीक करून चालावं लागे. टब तापला, फडक्यातून टाळूला चटके बसायला लागले, आणि तो कानांपर्यंत खाली येत असल्यामुळे तिला समोरचं पायांपुरतंच दिसत होतं. शेजारच्या बांधावरून कुणीतरी हाक मारली, "काय आजी, विहिरीत पोहायला निघालात का?" कुणी हसलं. एरवी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या तिने. आज ती गप्प चालत राहिली. कापलेल्या गव्हाची खुटं चपलेच्या कडेने पायाला लागत होती.

विहिरीच्या काठावर बाई बाटलीत पाणी भरत होत्या. धाकटी मातीच्या पिशव्या बांधत होती. बांधत होती म्हणजे एकच गाठ सोडून पुन्हा मारत होती. घासूबाईने टब दोघींच्या मध्ये आणून ठेवला. तो ठेवताना घंटेसारखा वाजला.

"यात धुतला मी," ती म्हणाली.

"काय धुतलं, आई?"

"गहू. तांबड्या दोऱ्याचा. लिंबू पिळून. म्हशीच्या मागे गेले, तर भिजत राहिला दुपारभर."

बाईंनी टबाकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. खाली बसून त्यांनी टबाच्या आतल्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि अंगठा उन्हात धरला. "लिंबूही पिळलंत?"

"त्याशिवाय चकाकी येत नाही."

"आणि फक्त तोच धुतलात? बाकीचे का नाही?"

हे सांगणं घासूबाईला जड होतं. टब आणणं सोपं होतं. ती विहिरीत वाकून बघायला लागली, जणू उत्तर पाण्यात पडलंय.

"बाकीच्यांना माझं नाव नव्हतं," ती शेवटी विहिरीला म्हणाली. "माझं नाव घेऊन तो मळका जाणार होता शहरात. मला नाही बघवलं."

धाकटीच्या हातातली मातीची पिशवी खाली पडली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय ऐकू येत नाही होय? पहिल्याच वर्षी ऐकलं. गंजीमागे होते मी."

रहाटावर साळुंकी येऊन बसली आणि उडाली. मग धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज कापत होता, रागाने की कशाने हे तिलाही सांगता आलं नसतं, "मी हात लावू नका म्हटलं होतं ना आई? विचारायचं तरी. दादांनी मला चोर ठरवलं. बाहेरच्या माणसासमोर."

"ठरवलं. आणि मी कप विसळत बसले," घासूबाई म्हणाली. "चुकलं माझं."

हे शब्द तिच्या तोंडून निघालेले धाकटीने लग्नानंतर पहिल्यांदा ऐकले. ती खाली पडलेली पिशवी उचलायला वाकली.

बाईंनी रुमालाने तोंड पुसलं. रुमालामागे त्या हसत होत्या की काय, घासूबाईला कळेना. "आजी, तुम्ही आला नसता तर मी ही ओळ आज फेकून दिली असती. पहिला आकडा मात्र गेला. तो आता धरायचा नाही. खरा आकडा काय निघेल, मला सांगता येत नाही. चांगला नसेलही. ओंब्या शिल्लक आहेत का?"

"आढ्याला आहे पेंढी," धाकटी म्हणाली.

घरी आल्यावर बाईंनी स्वतः पेंढी उतरवून घेतली. प्लॅस्टिकची परात पुसली. धाकटी बांगड्या उतरवायला लागली, आणि मध्येच थांबली.

"आईंनाच मळू दे, मॅडम. त्यांच्याइतके स्वच्छ हात या गावात सापडायचे नाहीत."

घासूबाईने सुनेकडे पाहिलं. टोमणा असावा असं तिला वाटलं, पण चेहऱ्यावर टोमणा नव्हता. तिने बांगड्या काढल्या, हात धुतले, पुन्हा धुतले, बाई पुरे म्हणाल्या तरी धुतले. मग ओंब्या तळहातांत धरून मळायला बसली. कुसळं बोटांच्या पेरांत घुसत होती. दाणे परातीत टपटपत होते, मातकट, आणि मातकटच राहू द्यायचे होते. ढेकूळ दिसलं की तिचा हात आपोआप पुढे जाई आणि ती तो मागे घेई. धुळीसकट गहू पिशवीत भरताना तिला अंगावर काटा आला, पण तिने भरला.

थोरला दारात उभा राहून हे सगळं बघत होता. घासूबाईने मान वर केली नाही. "पोत्याचं तोंड उंदरांनी सोडलंय," ती म्हणाली. "शिवण कुरतडलेली दिसत नाही का तुला? आणि चोर कुणाला म्हणालास, तिला सांग. म्हशीला नको, तिलाच सांग."

थोरला जागचा हलला नाही. पायाने उंबरा उकरत राहिला. मग भावजयीकडे न बघता, पण तिच्याच दिशेने म्हणाला, "बोलून गेलो. मनात धरू नकोस." आणि लगेच गोठ्यात निघून गेला. त्याच्यासाठी तेवढं म्हणजे अख्खं भाषण होतं.

पण बोलला म्हणून त्याने तुकडा सोडला नव्हता. करार तो करार. बाईंचा फोन येईपर्यंत नांगर घालायचा नाही एवढं त्याने मान्य केलं, आणि नांगर विहिरीजवळच्या बांधावर आणून ठेवला. जाता-येता तो डोळ्यांत भरायचा. उन्हाने माती भेगाळली. धाकटी कामाला जायची, यायची, स्वयंपाक करायची. बोलायचीही, पण जेवताना घास हातात धरून बसायची. नात भिंतीकडे गेली की तिला ओरडायचंही कुणाला सुचत नसे. घासूबाईने या दिवसांत घरातलं प्रत्येक भांडं घासलं, शेजारणीची घासली, आणि उरलेल्या वेळात टबाकडे बघितलं. टब तिने गोठ्याच्या मागे उपडा टाकला होता. त्याला राखेचं बोटही लावलं नाही.

फोन आला तेव्हा सगळे पडवीत होते. धाकटीने तो कानाला लावायच्या आधी नवऱ्याकडे दिला, त्याने परत तिच्याकडे दिला. शेवटी तो खाटेवर ठेवून आवाज मोठा केला.

"पहिल्या आकड्याच्या जवळपासही नाही," बाईंचा आवाज म्हणाला.

घासूबाईने डोळे मिटले.

"तो खोटाच होता, तो विसरा. पण हा खरा आहे, दोनदा तपासलाय. लोह आणि जस्त, दोन्ही. आपण जो नेहमीचा गहू खातो त्याच्यापेक्षा बरंच वर आहे, आणि तुमच्या सगळ्या ओळींत ही पहिली. मी पुढे नेतेय ही ओळ. येत्या हंगामाला पूर्ण तुकडाभर बियाणं करायचंय. ऐकतेयस ना?"

धाकटी ऐकत होती, पण तिला बोलता येत नव्हतं. तिने तोंडावर फडकं धरलं होतं आणि खांदे हलत होते. धाकटा "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत फोनलाच मान डोलावत होता. घासूबाईचा जीव भांड्यात पडला. ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं, असं तिला अगदी स्पष्ट जाणवलं. नातीने येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. पोरीच्या ओठाला मातीचा कण होता. आजीने तो बोटाने पुसला, आणि धपाटा मारला नाही.

थोरला उठला. "नांगर तिथेच आहे," तो म्हणाला, आणि यावेळी खरोखरच भावजयीकडे बघून म्हणाला, "कधी घालायचा ते सांग. मक्याला मी खालचं रान बघतो."

पुढच्या हंगामाला विहिरीजवळचा सगळा तुकडा एकाच गव्हाने भरला. थंडी चांगली पडली, आणि ओंब्या तांबूस व्हायला लागल्या तशी पाखरंही आली. घासूबाई बांधावर बसून होती, हातात रिकामा डबा आणि काठी, हाकारायला. पण थव्याच्या थवा वरून एक घिरटी घाली आणि पलीकडच्या शेतात उतरे. तिला डबा वाजवायची वेळच येईना, म्हणून ती मातीने तो घासत बसली होती.

धाकटी ओळीओळीतून हिंडत भेसळीची रोपं उपटत होती. तिच्यामागून मुलगी चालत होती, औषधाच्या नव्या बाटलीने गुडघ्यावर जुन्या जखमेचा नुसता डाग उरलेली. बांधाशी पाटी रोवायची होती. धाकटीने तिच्यावर केंद्राचा आकडा लिहिला आणि कुंचला घेऊन थांबली.

"आकडा कोण वाचतंय," घासूबाई म्हणाली. "खाली नाव लिही."

"कुठलं नाव, आई?"

"तू ठेवलंयस तेच. आता काय लपवायचं." मग तिने मनगटावरचे ओरखडे चोळले. "फक्त त्या बाईंना विचार, पुढच्या खेपेला ही कुसळं जरा कमी करता येतील का. फारच टोचतात."

धाकटीने पाटीवर अक्षरं काढली, एकेक, सावकाश. "कुसळं राहू देत," ती वर न बघता म्हणाली. "त्यांच्यामुळेच तर दाणा वाचलाय."

घासूबाईने डबा उन्हात धरून पाहिला, तो पुरेसा लख्ख झाला होता, आणि तिने तो बाजूला ठेवला.